खरं सांगू, की बरोबर?

ग्रह आठ की नऊ, हे आमच्या भागात तुम्ही कुठल्या शाळेच्या सभागृहात बसला आहात त्यावर ठरतं. कृष्णेच्या अलीकडे आठ आहेत. पलीकडे अजून नऊ. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी पिवळी कार्डं वर करून प्लूटोला ग्रहपदावरून खाली उतरवलं, हे खरंच. पण पलीकडच्या हायस्कूलच्या ग्रंथपालांना त्या सभेचं निमंत्रण नव्हतं. त्यांच्या कपाटातलं सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक त्याआधीच छापून, बांधून, शिक्का मारून झालं होतं. शाळेचा शिक्का बसलेल्या पुस्तकातला ग्रह कमी करायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायला हवा, तो मंजूर व्हायला हवा, मग रजिस्टरला लाल शाई. एवढं कोण करत बसणार? त्यापेक्षा प्लूटो राहू दे. कुणाचं काय खातोय?

आमच्याकडची आंतरशालेय प्रश्नमंजुषा पूर्वी एका दिवसात उरकायची. पोहे, दीपप्रज्वलन, चार फेऱ्या, बक्षीस, आणि दिवे लागायच्या आत वडाप पकडून मुलं घरी. पुढे २००८ साली आयपीएल आली, २०१४ ला कबड्डीचीही लीग निघाली, आणि इथल्या शिक्षणप्रेमी मंडळींपैकी कुणाच्या तरी मनात आलं की ज्ञानाचीच लीग का नको? झालं. कराड, पाटण आणि शेजारपाजारच्या माध्यमिक शाळा, शनिवारची सकाळची शाळा सुटली की एकेका शाळेत सामना, गुणतक्ता, उपांत्य फेरी, अंतिम फेरी, फिरती ढाल. नियम असा, की ज्या शाळेत सामना त्या शाळेने प्रश्न काढायचे आणि चहा द्यायचा.

पहिल्या वर्षी यजमान शाळेचा संघही खेळायचा. सगळे यजमान जिंकले. साखळी संपली तेव्हा गुणतक्त्यात सगळे संघ पहिले होते. मंडळाची तातडीची बैठक झाली आणि ठरलं, की यजमानांनी त्या दिवशी फक्त विचारायचं, उत्तरं पाहुण्यांनी द्यायची. या सुधारणेमुळे स्पर्धा निःपक्षपाती झाली असं इतिवृत्तात नोंदवलेलं आहे. प्रत्यक्षात झालं ते असं, की तोवर मुलांना फक्त स्वतःच्या शाळेचं पुस्तक पाठ करावं लागायचं, आता सगळ्या शाळांची पाठ करावी लागतात.

माझ्याकडे फळ्यावर गुण लिहायचं काम असतं. निवृत्त मास्तराच्या हाती खडू दिला की तो मानधन मागत नाही, हे मंडळाने बरोबर ओळखलं आहे. बरोबर उत्तराला दहा, पुढच्या संघाकडे सरकलेल्या प्रश्नाला पाच, बझरच्या फेरीत चुकलं तर वजा पाच. संघांना नावं नद्यांची: कृष्णा, कोयना, वेण्णा, तारळी, उरमोडी. ऐन ऑगस्टात लाउडस्पीकरवरून ‘कोयना वजा पाच, कृष्णा वाढत चालली आहे’ असं ऐकून बाजारातली माणसं थबकतात. एकदा एका आजोबांनी आत येऊन दरवाजे किती फुटांनी उघडलेत अशी चौकशी केली होती. त्यांना चहा दिला.

जागच्या जागी बसून गुण लिहिणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात. त्यांतला सगळ्यात बघण्यासारखा चेहरा आमच्या एका इतिहासाच्या सरांचा. त्यांचा संघ सलग उपांत्य फेरी गाठतो आणि बाकीच्यांना वाटतं, की त्यांची मुलं हुशार आहेत. मुलं हुशार आहेतच, पण सरांची खरी विद्या वेगळी. शनिवारी जिथे सामना त्या शाळेत ते गुरुवारीच काहीतरी काम काढून जातात. कधी सेवापुस्तकाची झेरॉक्स, कधी नातेवाइकाच्या मुलाचा दाखला. चहा होतो, आणि चहा घेता घेता सर ग्रंथालयाच्या कपाटाच्या काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचतात. क्रिकेटचा कप्तान सामन्याआधी खेळपट्टीवर अंगठा दाबून बघतो, तसं ते एखादं पुस्तक काढून त्याचं दुसरं पान उघडतात. आवृत्ती कुठली? साल कुठलं? बस्स. परत आल्यावर संघाला बोलावून सूचना देतात: ‘या शनिवारी जिल्हे पस्तीस. ग्रह आठ. मराठीला ज्ञानपीठ तीन. सोमवारपासून पुन्हा छत्तीस आणि चार.’

यातलं काहीही सरांनी मनाने केलेलं नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि महाराष्ट्राचे जिल्हे छत्तीस झाले. त्याआधीच्या पुस्तकात ते पस्तीसच असणार. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदांपर्यंत येऊन थांबलेल्या पुस्तकाला नेमाडे ठाऊक असायचं कारण नाही. पुस्तक खोटं बोलत नाही हो. ते फक्त जुनं झालंय, आणि आपल्याकडे जुन्या माणसाच्या तोंडाला कोण लागतं?

सगळ्यात जास्त डोकेदुखी रेल्वेची. भारतातला सर्वांत लांब फलाट कुठला? आमच्या पिढीने आयुष्यभर एकच उत्तर दिलं, खरगपूर. १०७२ मीटर. त्या उत्तरावर कितीजणांना नोकऱ्या लागल्या असतील. २०१३ मध्ये गोरखपूरने १३६६ मीटरचा फलाट बांधला आणि खरगपूर मागे पडलं. मग २०२३ मध्ये हुब्बळीला १५०७ मीटरचा झाला. आता लीगमधल्या एका शाळेत उत्तर खरगपूर, दुसरीत गोरखपूर आणि एका शाळेत, जिथले कार्यालयीन लिपिक स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, हुब्बळी. पोरांच्या डोक्यात तिन्ही स्टेशनं तयार असतात. गाडी कुठे लावायची ते समोरच्या सरांच्या हातातलं पुस्तक किती पिवळं पडलंय ते बघून ठरवतात.

हा खेळ आपल्याकडे तसा उशिराच आला. कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी पहिली खुली क्विझ घेतली ती १९६७ ची गोष्ट. १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ, आधी हमीद सयानी, मग त्यांचे भाऊ अमीन सयानी. ते सगळं इंग्रजीत, शहरातल्या कॉन्व्हेंटच्या पोरांचं. १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला तेव्हा गल्लीत एखाददुसरा टीव्ही होता आणि त्यासमोर अख्खी गल्ली बसायची. कळायचं फार थोडं, पण एवढं न कळणारं ज्या पोरांना कळतं ती कुणाची असतील, याचा आदर वाटायचा. खरा फरक पडला ३ जुलै २००० ला. अमिताभ बच्चन खुर्चीत येऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी विज्ञान शिक्षकाचा आवाज खर्जात गेला तो अजून वर आलेला नाही. आमचे एक क्विझमास्तर एरवी वर्गात ‘गप बसा रे’ हे तारसप्तकात ओरडतात. माइक हातात आला की ‘आत्मविश्वास?... लॉक करू?’ नववीतल्या पोराला लॉक म्हणजे मोबाइलचं ठाऊक. ते म्हणतं, ‘सर, फोन शाळेत आणायला बंदी आहे.’

त्याच कार्यक्रमात २०१९ मध्ये बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्यानंतर आमच्याकडच्या शाळांमध्ये पोषण आहाराच्या ताईंकडे बघायची नजरच बदलली. एका शाळेत सामन्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः स्वयंपाकाच्या खोलीत गेले आणि ताईंना म्हणाले, ‘काही वाचता का हो तुम्ही?’ ताई म्हणाल्या, ‘तांदळाच्या पोत्यावरची तारीख.’ सर म्हणाले, ‘तेही बरंच आहे.’ मला तर ते फारच बरं वाटलं. तारीख बघून माल वापरणारं त्या शाळेत दुसरं कुणी नव्हतं.

बझरबद्दल सांगितलं नाही तर प्रयोगशाळा परिचर बोलायचे बंद होतील. बझर त्यांनी बनवला आहे. प्लायवूडच्या फळीवर पाच झीरोचे बल्ब, प्रत्येकाखाली संघाचं नाव, फळीतून पाच वायरी टेबलाटेबलापर्यंत, त्या सतरंजीखालून नेलेल्या आणि वर काळी पट्टी चिकटवलेली, आणि टोकाला दारावरच्या घंटीचं बटण. कुणी दाबलं ते दिसायला बल्ब आणि ऐकायला आवाज. आता पाच संघांना पाच वेगळे आवाज हवेत, म्हणून बाजारातून पाच वेगळ्या डोअरबेल आणल्या. एक टिंगटाँग, एक चिमणी, एक नुसतीच किरकिरणारी, एक कुठल्याशा इंग्रजी वाढदिवसाच्या चालीची. पाचवी, दुकानात दुसरी शिल्लक नव्हती म्हणून, गायत्री मंत्र म्हणणारी.

ती उरमोडी संघाच्या वाट्याला आली. उरमोडीने बटण दाबलं की मंत्र सुरू होतो आणि तो पूर्ण होईपर्यंत उत्तर देता येत नाही, कारण मध्येच तोडणार कसा? प्रमुख पाहुणे हात जोडतात. त्यांना पाहून व्यासपीठावरचे सगळे जोडतात. व्यासपीठाला पाहून सतरंजीवर बसलेली आठवीची मुलं डोळे मिटतात. तेवढ्या अवधीत उरमोडीची तीन मुलं एकमेकांच्या कानात सगळी चर्चा उरकून घेतात. बाकीच्या संघांनी याला हरकत घेतली. पंचांनी खूप विचार करून निर्णय दिला, की वेळ मंत्र संपल्यापासून मोजली जाईल. पुढच्या शनिवारी चारही संघांनी मंत्राची बेल मागितली.

वीज गेली की अर्थातच हे सगळं बंद. मग ताट आणि चमचा. खरं सांगायचं तर ताट-चमच्यावर सामना जास्त रंगतो, पण परिचरांसमोर हे बोलायचं नाही.

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर एका दुपारचं सांगतो. प्रमुख पाहुणे हे त्या गावचे मोठे प्रस्थ. भाषण झालं, पण मन भरलं नाही. म्हणाले, ‘मुलांनो, एक प्रश्न माझ्यातर्फे. बरोबर उत्तर देणाऱ्या संघाला पाचशे एक रुपये.’ मुलं सरसावून बसली. ‘माझ्या आजोबांनी या शाळेला किती गुंठे जागा दिली?’

कृष्णा पास. कोयना पास. तारळीने ‘पर्याय मिळतील का’ असं विचारलं. शेवटी प्रश्न प्रेक्षकांना गेला. मागे खांबाला टेकलेला, शाळेच्या शिपायाचा सातवीतला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सतरा.’ ‘शाब्बास!’ पाहुणे गहिवरले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात दारात उभे असलेले एक पटकेवाले म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, ‘तेरा. चार गुंठ्यांची तारीख आहे बुधवारी.’

क्विझमास्तरांनी घाईघाईने दृक्‌श्राव्य फेरी जाहीर केली.

कराडजवळच्या एका सामन्यात मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. प्रश्न साधा. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं? गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य. इथल्या पोराला स्वतःचा आधार नंबर येत नाही पण हे येतं. प्रश्न खरं तर विचारायला नव्हताच, टाळ्या घ्यायला होता. पण बझर दाबला चष्मा लावलेल्या एका बारक्या मुलाने, तारळीच्या. म्हणाला, ‘नॉर्मन प्रिचर्ड. १९००, पॅरिस. धावण्यात दोन रौप्यपदकं.’

सभागृह असं गप्प झालं की चिमणीची बेल आपोआप वाजल्यासारखी वाटली. क्विझमास्तरांचा खर्ज गेला. ‘बाळ, तू कुठल्या मातीत उभा राहून काय बोलतोयस?’ बाळ म्हणालं, ‘सर, प्रश्नात स्वतंत्र भारताचं असं नाही.’ आणि खरंच नव्हतं. प्रिचर्ड कलकत्त्याचा, त्याची पदकं ऑलिम्पिकच्या दप्तरी भारताच्या नावावर, त्याच्यावर इंग्रजही हक्क सांगतात ते वेगळं. पण दोन पदकं आहेत. पंचांपैकी एकांनी मोबाइलवर बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. मागून एक पैलवान पालक उठून पुढे येऊ लागले. ते फक्त पाणी प्यायला येत होते असं नंतर कळलं, पण त्याआधीच निकाल जाहीर झाला होता: प्रश्न रद्द, पाचही संघांना दहा-दहा गुण, आणि खाशाबांसाठी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या. बारक्यानेही वाजवल्या, आणि चांगल्या मनापासून वाजवल्या. त्याचं खाशाबांशी काही वाकडं नव्हतं. भांडण एका शब्दापुरतं होतं.

उलट पाटणच्या बाजूच्या एका पोराला मी देऊ शकलो नाही त्या गुणांची चुटपुट मला जास्त. प्रश्न होता, कोयनेचा भूकंप कधी झाला? पोरगं म्हणालं, ‘पहाटे.’ क्विझमास्तर म्हणाले, ‘तारीख?’ ‘पहाटे चार वाजून गेल्यावर, सर. थंडी होती. आजी म्हणते, आधी फळीवरची पितळेची भांडी एकेक खाली आली, मग भिंत. आजीने आबांना ओढून काढलं, म्हशीचं दावं कापलं, आणि मग सगळी शेतात बसून राहिली.’ क्विझमास्तर म्हणाले, ‘तारीख नाही? पुढचा संघ.’ पुढच्या संघाने ‘११ डिसेंबर १९६७’ असं खाडकन सांगून पाच गुण नेले. बरोबरच होतं ते. आजीचा भूकंप मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता, आणि पुस्तकात नसलेल्याला फळ्यावर जागा नाही.

मुलांना हे आपल्याआधी कळतं. गेल्या हंगामातली गोष्ट. सभागृहात मागच्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. अभिनंदन कुणी कुणाचं केलंय ते कळत नव्हतं, पण खाली अकरा जणांचे फोटो होते. केंद्राचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा. त्या दिवशी मराठी, बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत अशा पाच भाषा अभिजात झाल्या आणि आधीच्या सहा धरून एकूण अकरा झाल्या. फोटोही अकराच, हा योगायोग. क्विझमास्तरांनी विचारलं, ‘भारतात अभिजात भाषा किती?’

प्रश्न वेण्णाकडे. संघात एक दोन वेण्यांची, शांत मुलगी. तिने आधी फ्लेक्सकडे पाहिलं. मग क्विझमास्तरांच्या हातातल्या, कोपरे दुमडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं. मग उभी राहिली आणि अगदी नम्रपणे विचारलं, ‘सर, खरं सांगू, की बरोबर?’

सर क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, ‘बरोबर सांग.’

‘सहा.’

‘अगदी बरोबर!’

अकरा फोटोंच्या साक्षीने टाळ्या झाल्या. मी फळ्यावर दहा लिहिले. मराठीच्या बाई, ज्यांनी तो फ्लेक्स लावण्यासाठी स्टुलावर चढून भिंतीत खिळे ठोकले होते, त्या उठून बाहेर गेल्या, आणि सोमवारी मंडळाकडे दोन पानी तक्रार आली.

मंडळाने तक्रारीची गंभीर दखल घेतली. आता शाळाशाळांची वेगवेगळी पुस्तकं बंद, सगळ्या लीगसाठी एकच अधिकृत प्रश्नसंच. एक हजार प्रश्न, उत्तरं शेवटी, मलपृष्ठावर खतांच्या दुकानाची जाहिरात. छापखाना अध्यक्षांच्या मेहुण्यांचा, त्यामुळे काम वेळेत झालं. जुनी पुस्तकं वाया जाऊ नयेत म्हणून ती विजेत्यांना बक्षीस म्हणून द्यायचं ठरलं. प्लूटो अशा रीतीने घरोघरी पोहोचला.

प्रश्नसंच आल्यापासून खेळाला वेग आला हे मान्य करायला हवं. मुलं आता प्रश्न ऐकतच नाहीत. ‘महाराष्ट्रातील सर्वांत...’ एवढ्यावर किरकिर, चिमणी आणि मंत्र एकदम वाजतात. इतिहासाचे सर मात्र खचले. गुरुवारी त्यांना कुठे जायचंच राहिलं नाही. त्यांनी मग प्रश्नसंच ओळीओळीने वाचायला घेतला, आणि त्यांच्या लक्षात आलं, की छापताना उत्तरांच्या यादीतलं एक उत्तर गळलंय आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली आहेत. त्यांनी मंडळाला कळवलं. मंडळाने शुद्धिपत्र काढलं. ते काही शाळांना मिळालं, काहींना मिळालं नाही, आणि ज्या शाळेत अंतिम सामना होता तिथे ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली, वार्षिक सुट्ट्यांच्या यादीच्या मागे गेलं.

अंतिम सामना, शेवटचा प्रश्न, वेण्णा आणि तारळी बरोबरीत. ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?’

वेण्णाची ती दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. तिने क्विझमास्तरांच्या हातातल्या कोऱ्या करकरीत प्रश्नसंचाकडे पाहिलं, आणि या वेळी काहीही न विचारता म्हणाली, ‘कळसूबाई.’

क्विझमास्तरांनी पान उलटलं, यादीवर बोट फिरवलं आणि पूर्ण खर्जात म्हणाले, ‘कळसूबाई... एकदम बरोबर उत्तर!’

तारळीने ताबडतोब लेखी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, कळसूबाईसाठी बटण आधी आम्ही दाबलं होतं.